विमानाचा रंग आणि त्याखालचा धातू

मोठ्या शहराच्या विमानतळावर प्रवाशाला विमान जवळून फारसे दिसतच नाही. बंदिस्त पुलावरून चालत जाऊन तो थेट दारात पाऊल ठेवतो. लहान गावांच्या विमानतळांवर मात्र निराळा अनुभव येतो. अरुणाचल प्रदेशातील पासीघाट असो की लक्षद्वीपमधील अगत्ती असो, तेथे प्रवासी उन्हातून अगर पावसातून पायी चालत विमानापर्यंत जातात आणि चार-सहा पायऱ्यांचा जिना चढून आत शिरतात. त्या दोन-तीन मिनिटांत विमानाचे अंग हाताच्या अंतरावर येते. दुरून शुभ्र दिसणारे ते यंत्र जवळून तितकेसे शुभ्र नाही, हे तेव्हा ध्यानात येते. नाकाडावर बारीक टवके उडालेले असतात. खिडक्यांखालचा रंगीत पट्टा विटलेला असतो. रिव्हेटांच्या ओळीत कोठे कोठे रंग निघून उघडा धातू चमकत असतो. पोटाशी तेलकट ओघळ आणि इंजिनामागे काजळी दिसते.

अशा वेळी प्रवाशाच्या मनात एक शंका येते: ज्यांना बाहेरचा रंग राखता येत नाही, ते आतले इंजिन तरी नीट राखत असतील काय? शंका रास्त आहे. तिचे उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही. रंग उडालेले विमान उत्तम स्थितीत असू शकते, आणि नव्या रंगाने झळकणाऱ्या विमानाच्या सांध्यात गंज दडलेला असू शकतो. रंग कोठे उडाला, कसा उडाला आणि त्याखाली काय चालले आहे, हे पाहिल्यावाचून निर्णय करता येत नाही. विमानाची निगा राखणारे तंत्रज्ञ हेच पाहत असतात. पृष्ठभाग वाचण्याची ही विद्या काय आहे, आणि ती न साधल्यास काय घडू शकते, याची माहिती येथे करून घ्यावयाची आहे.

रंगाखाली काय असते

बहुतेक प्रवासी विमानांचे अंग अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पत्र्याचे असते. शुद्ध अॅल्युमिनियम हलका असतो, पण विमानाच्या कामास तो फार मऊ पडतो. १९०६ साली आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाला असे आढळले की, अॅल्युमिनियममध्ये थोडे तांबे व मॅग्नेशियम मिसळून तो तापवून एकदम थंड केला, तर पुढील काही दिवसांत तो आपोआप कठीण होत जातो. या शोधातून ड्युरॅल्युमिन नावाचा मिश्रधातू निघाला, आणि विमानाचे धातूचे अंग शक्य झाले. आजही विमानाच्या पत्र्यात वापरल्या जाणाऱ्या एका प्रमुख मिश्रधातूत शेकडा चारांहून थोडे अधिक तांबे असते.

ज्या तांब्याने बळ दिले, त्यानेच एक उणीवही आणली. शुद्ध अॅल्युमिनियमवर हवेतील ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही दशलक्षांशांइतकीच असते. तरी तो धातूचे उत्तम रक्षण करतो. घरातील अॅल्युमिनियमचे पातेले वर्षानुवर्षे टिकते ते याच कारणाने. मिश्रधातूत मात्र तांब्याचे प्रमाण अधिक असलेले सूक्ष्म कण विखुरलेले असतात. त्या ठिकाणी हे संरक्षक पटल अखंड राहत नाही. त्यावर ओलावा आणि मीठ आले की, तांब्याचा कण आणि शेजारचा अॅल्युमिनियम यांच्यामध्ये एक चिमुकली विद्युत्-घटमाला तयार होते, आणि तीत अॅल्युमिनियम झिजू लागतो. लोखंडाच्या गंजासारखा हा गंज तांबडा नसतो. तो पांढऱ्या अगर करड्या भुकटीसारखा दिसतो.

यावर पहिला उपाय असा निघाला की, मिश्रधातूच्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर दाबून बसवावयाचा. १९२७ च्या सुमारास अमेरिकेत हा दुहेरी पत्रा तयार होऊ लागला. दुसरा उपाय रंगाचा. परंतु विमानाचा रंग म्हणजे एकच लेप नव्हे. प्रथम धातूवर रासायनिक प्रक्रिया करून त्याचे पृष्ठ रंग धरण्याजोगे करतात. त्यावर अस्तराचा हात देतात. गंजाला रोखणारी द्रव्ये या अस्तरात असतात. सर्वांत वर दिसणारा रंग असतो, आणि कित्येकदा त्यावर पारदर्शक रोगणाचा आणखी एक थर असतो. हे सारे मिळून जाडी साधारणतः मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरते. प्रवाशाला दिसतो तो वरचा रंग; धातूला राखते ते त्याखालचे अस्तर. वरचा रंग विटला असला, तरी अस्तर शाबूत असेल, तर धातू सुरक्षित असतो. झिजेचा अर्थ लावताना ही गोष्ट प्रथम ध्यानात ठेवावयास हवी.

रंग का झिजतो

घराच्या भिंतीचा रंग पाच-सात वर्षे टिकतो. मग विमानाचा रंग, तो इतका उत्तम असूनही, इतक्या लवकर का दमतो? याचे कारण त्याच्यावर एकाच वेळी चहूकडून होणाऱ्या आघातांत आहे.

पहिला आघात सूर्याचा. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण रंगातील राळेसारख्या बंधक द्रव्याचे रेणू तोडतात. दर हजार मीटर उंचीमागे या किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते, आणि विमानाचे दिवस उंचीवरच जातात. बंधक द्रव्य तुटले की त्यात धरलेले रंगद्रव्य सुटे होते. अशा रंगावरून बोट फिरविले, तर खडूसारखी पूड बोटाला लागते. मूळची चकाकी जाऊन रंग फिका व कोरडा दिसू लागतो.

दुसरा आघात पावसाचा. ताशी ५०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला पावसाचा थेंब मऊ लागत नाही. त्या वेगाने थेंब कठीण पृष्ठावर समोरून आदळला, तर क्षणाच्या अत्यल्प अंशापुरता निर्माण होणारा दाब गणिताने वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोन हजारपट येतो. असे लक्षावधी थेंब पंखांच्या पुढल्या कडांवर व नाकाडावर आदळत असतात. धुळीचे कण आणि गारा यांची त्यात भर पडते.

तिसरा आघात हालचालीचा. उंचीवर हवा विरळ असल्याने विमानात दाबाने हवा भरावी लागते. एटीआर ७२ या सत्तर आसनांच्या विमानात आतला दाब बाहेरच्यापेक्षा इतका अधिक असू शकतो की, अंगाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे चार टनांचा जोर आतून बाहेर पडतो. प्रत्येक उड्डाणात विमानाचे अंग किंचित फुगते, आणि उतरल्यावर पूर्ववत होते. त्यात तापमानाची भर पडते. जमिनीवर रणरणत्या उन्हात तापलेला पत्रा अर्ध्या तासात गोठणबिंदूच्या खाली जातो. साठ अंशांचा फरक धरला, तर २७ मीटर लांबीच्या अॅल्युमिनियमच्या अंगाच्या लांबीत ३७ मिलिमीटरांचा फरक पडतो. धातू ताणतो, आखडतो. रंगालाही त्याच्याबरोबर ताणावे व आखडावे लागते. जुना, कोरडा रंग ते करू शकत नाही. तो रिव्हेटांच्या डोक्यांवर व सांध्यांच्या कडांवर प्रथम तडकतो, कारण हालचाल तेथेच अधिक असते.

प्रादेशिक मार्गावरील विमानांच्या वाट्याला या तिन्ही गोष्टी जास्तच येतात. दूरच्या देशी जाणारे विमान दिवसातून एकदा-दोनदा उडते. लहान मार्गावरील विमान दिवसातून सहा-आठ वेळा चढते व उतरते. म्हणजे तितक्या वेळा त्याचे अंग फुगते व आखडते. मोठी जेट विमाने ढगांच्या वर जाऊन तरंगतात, तर पंख्याची विमाने सात-साडेसात हजार मीटरांच्या खालीच, म्हणजे पावसाळी ढगांच्या पट्ट्यात, पुष्कळ वेळ काढतात. शिवाय त्यांची ठिकाणे पाहावीत: कोठे धावपट्टीच्या दोन्ही अंगांना समुद्र, कोठे वाळवंटाची धूळ, कोठे महिनोगणती न हटणारा दमटपणा. तेव्हा दोन विमाने एकाच वर्षी बांधलेली असली, तरी त्यांची त्वचा सारख्याच वयाची असते असे नाही.

झिजेच्या जागा आणि त्यांचे अर्थ

जाणत्या तंत्रज्ञाला रंगाची झीज सर्वत्र सारखी वाटत नाही. प्रत्येक जागेचा अर्थ निराळा असतो.

पंखाच्या व शेपटाच्या पुढल्या कडांवर रंग नसणे हे बहुधा स्वाभाविक असते. कित्येक विमानांत या कडा मुद्दाम बिनरंगी ठेवतात, कारण पाऊस तेथे रंग टिकूच देत नाही. एटीआरसारख्या विमानांत या कडांवर काळ्या रबराच्या पिशव्या बसविलेल्या असतात. बर्फ साचू लागले की त्या हवेने फुगवून ते फोडतात. नवख्या प्रवाशाला ही काळी पट्टी मळकट वाटते. वस्तुतः ती विमानाच्या सुरक्षिततेचे एक साधन आहे. त्याचप्रमाणे पंख्याच्या पात्यांच्या रेषेत अंगावर जे जादा मजबुतीचे पत्रे लावलेले असतात, त्यांवर पोचे व ओरखडे आढळतात. पात्यांवरून उडालेल्या बर्फाच्या तुकड्यांचे ते घाव होत. ते त्या पत्र्यांनी सोसावेत, याचसाठी ते तेथे असतात.

इंजिनाच्या धुराड्यामागील काजळी रोजच्या कामाची खूण असते. पण ती तशीच राहू देणे बरे नव्हे. काजळीतील आम्लधर्मी द्रव्ये ओलाव्याबरोबर धातूला खातात. पोटाजवळील ओघळांकडे तंत्रज्ञ अधिक बारकाईने पाहतो. तो ओघळ कशाचा, कोठून आला आणि काल होता काय, हे तीन प्रश्न त्याला पडतात. काही विमानांतील द्रवदाबाच्या यंत्रणेत असे तेल वापरतात की, ते सामान्य रंगाला विरघळविते. तेव्हा एखाद्या ठिकाणी रंग मऊ पडून सोलू लागला, तर दोष रंगाचा नसून आतल्या गळतीचा असू शकतो.

याहून गंभीर खुणा आणखी दोन आहेत. पहिली खूण म्हणजे रंगाखाली उठलेल्या नागमोडी रेषा. लाकडात कीड जशी वाट कोरीत जाते, तशा या बारीक रेषा एखाद्या रिव्हेटाच्या कडेपासून अगर ओरखड्यापासून निघून रंगाखाली पसरतात. दमट हवेत, विशेषतः समुद्राजवळ, हा तंतुमय गंज वाढतो. तो उथळ असतो, पण अस्तर फुटल्याची ती निश्चित ग्वाही असते.

दुसरी खूण म्हणजे सांध्यावरील फुगवटा. विमानाचे पत्रे एकमेकांवर थोडे चढवून रिव्हेटांनी जोडलेले असतात. या दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी शिरले, तर तेथे गंज धरतो आणि बाहेरून तो दिसत नाही. परंतु या गंजातून होणारा पदार्थ मूळ धातूच्या सुमारे सहापट जागा व्यापतो. त्याला जागा करून देताना दोन रिव्हेटांमधील पत्रा उशीसारखा फुगतो, रिव्हेटांची डोकी आत ओढली जातात, आणि वरचा रंग तडकून पोपडे निघतात. येथे झडलेला रंग हा आतून आलेला निरोप असतो. तो न वाचल्यास काय होते, याचे उदाहरण १९८८ साली जगाला मिळाले.

हवाई बेटांवरील एक विमान

प्रशांत महासागरातील हवाई बेटांमध्ये अलोहा एअरलाइन्स ही कंपनी प्रवासी वाहतूक करीत असे. एका बेटावरून दुसऱ्यावर जावयास अर्धा तास पुरे. तिच्या ताफ्यातील बोइंग ७३७ जातीचे एक विमान १९६९ साली बांधलेले होते. १९ वर्षांत त्याची ८९,६८० उड्डाणे झाली होती, आणि एकूण उड्डाणकाळ ३५,४९६ तास भरला होता. भागाकार केला, तर एका उड्डाणाची सरासरी अवघी २४ मिनिटे येते. बांधणाऱ्यांनी आयुष्याचा अंदाज ७५,००० उड्डाणांचा केला होता. तासांच्या हिशेबाने हे विमान म्हातारे नव्हते. फुगण्या-आखडण्याच्या हिशेबाने ते जगातील अत्यंत वृद्ध विमानांपैकी एक होते. शिवाय त्याचे सारे आयुष्य खाऱ्या हवेत गेले होते.

२८ एप्रिल १९८८ रोजी हे विमान हिलो येथून होनोलुलूकडे निघाले. चढत असताना एका प्रवासी स्त्रीच्या नजरेस पुढल्या दाराजवळ, रिव्हेटांच्या ओळीत, पत्र्याला गेलेली एक आडवी भेग पडली. तिने ती कोणासच सांगितली नाही. विमान २४,००० फुटांवर पोहोचले, आणि पुढल्या भागाचे छप्पर सुमारे १८ फूट लांबीचे एका झटक्यात उडून गेले. उभी असलेली एक परिचारिका वाऱ्याच्या झोताबरोबर बाहेर फेकली गेली. तिचा देह अखेरपर्यंत सापडला नाही. पट्टे बांधून बसलेले प्रवासी उघड्या आकाशाखाली आसनांना खिळून राहिले. वैमानिकांनी तशा स्थितीत माउई बेटावरील काहुलुई येथे विमान सुखरूप उतरविले. विमानात ९५ माणसे होती. त्यांपैकी ६५ जखमी झाली, पण ९४ जणांचे प्राण वाचले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. या जातीच्या आरंभीच्या विमानांत अंगाचे सांधे रिव्हेटांबरोबरच एका चिकट द्रव्यानेही जोडलेले होते. ते चिकटणे सुटले होते. त्या फटीत ओलावा शिरून गंज धरला होता. जो भार चिकट द्रव्याने उचलावयाचा, तो सारा रिव्हेटांच्या छिद्रांवर येऊन पडला, आणि एक मिलिमीटरहून पातळ पत्र्यात शेजारशेजारच्या छिद्रांतून बारीक भेगा वाढत गेल्या. एकेकटी भेग घातक नव्हती. त्या एकमेकींना मिळाल्या तेव्हा छप्पर गेले. याला धातूची श्रांती म्हणतात. तार पुन्हा पुन्हा वाकविली म्हणजे जशी तुटते, तसाच हा प्रकार.

या चौकशीतील एक निरीक्षण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. तपासनिसांनी कंपनीची इतर विमाने पाहिली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक विमानाच्या सांध्यांवर पत्र्याचे फुगवटे, आत ओढलेली वा निखळलेली रिव्हेटांची डोकी, रंगाला आलेले फोड आणि सुटलेले पोपडे आढळले. चिन्हे लपलेली नव्हती. ती उघड्यावर होती; रोज पाहणाऱ्यांना मात्र ती नेहमीचीच वाटू लागली होती. यात केवळ आळसाचा भाग होता असे म्हणता येणार नाही. तपासणीचे काम बहुशः रात्री होई, कारण दिवसा विमान उडत असे. एकेका विमानावर हजाराहून अधिक रिव्हेटे डोळ्यांनी न्याहाळावयाची. कंटाळा, झोप आणि ‘काही नसणारच’ ही अपेक्षा यांच्याशी झगडत ती न्याहाळावयाची. सकाळी विमान पुन्हा धावपट्टीवर हजर असलेच पाहिजे, हे दडपण निराळेच.

या घटनेनंतर जून १९८८ मध्ये जुन्या विमानांविषयी एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि १९९१ साली अमेरिकेत वृद्ध विमानांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. विमानाचे वय वर्षांबरोबर उड्डाणसंख्येनेही मोजावे, आणि गंज दिसल्यावर खरवडण्याऐवजी तो होऊ नये म्हणून आखीव कार्यक्रम राबवावा, ही तत्त्वे तेव्हापासून दृढ झाली.

निगा कशी राखतात

बाह्यांगाच्या निगेचा आरंभ पाण्याने होतो. समुद्रकाठी उडणारी विमाने वरचेवर गोड्या पाण्याने धुतात, कारण मीठ धुऊन गेले की गंजाचे निम्मे बळ जाते. काजळी व तेल काढण्यासाठी सौम्य साबण वापरतात. धुणे हे एकपरी तपासणेच असते. स्वच्छ पृष्ठावरच भेग दिसते आणि नवा ओघळ ओळखू येतो.

उड्डाणापूर्वी वैमानिक अगर तंत्रज्ञ विमानाला एक प्रदक्षिणा घालतो. टवका उडालेला दिसला, तर तो टिपून ठेवतात, आणि सवड मिळताच ती जागा साफ करून, अस्तर देऊन, वर रंगाचा हात फिरवितात. प्रवाशाला दिसणारे ठिगळ, म्हणजे जुन्या रंगात न मिसळणारा नव्या रंगाचा चौकोन, ही पुष्कळदा दुर्लक्षाची नव्हे, तर निगेचीच खूण असते. संशयाच्या जागी भोवरी विद्युत्प्रवाहाचे उपकरण लावतात. धातूत प्रवाह निर्माण करून तो कोठे अडखळतो हे त्यावरून कळते, आणि रंग न काढता पत्र्यातील भेग सापडते.

काही वर्षांनी सारा रंग काढून नवा द्यावा लागतो. विमान अनेक दिवस हँगरमध्ये अडकून पडते. त्या दिवसांचे उत्पन्न बुडते, म्हणून लहान कंपन्या हे काम पुढे ढकलतात. विटलेल्या रंगाचे अगदी साधे कारण बहुधा हेच असते. तथापि, रंग काढला म्हणजे धातू उघडा पडतो, आणि सांधे नीट पाहण्याची दुर्मिळ संधी मिळते. जुन्यावरच नवा थर चढवीत गेल्यास ती संधी जाते. शिवाय वजन वाढते. मोठ्या जेट विमानाचा रंग काही शेकडा किलोग्रॅम भरतो, आणि तो भार प्रत्येक उड्डाणात इंधन खर्चून वाहावा लागतो. हे वजन वाचविण्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सने अनेक दशके आपली विमाने बहुतांशी बिनरंगी, झिलई केलेल्या धातूची ठेविली होती. २०१३ साली तिने तो रिवाज सोडला. नव्या विमानांचे अंग धातूऐवजी तंतुयुक्त प्लॅस्टिकचे होऊ लागले, आणि त्याला झिलई देता येत नाही, हे त्याचे एक कारण.

रंगकाम हे नाजूक काम आहे, हे सांगणारी उदाहरणेही आहेत. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कित्येक बोइंग ७३७ विमानांच्या सांध्यांवर बारीक ओरखडे सापडले. नवा रंग देण्यापूर्वी सांध्यातील जुने लुकण धारदार हत्याराने काढताना ते पडले होते. अशा ओरखड्यातून श्रांतीची भेग निघू शकते. निगा राखतानाच इजा व्हावी, असा हा प्रकार. शेपटाच्या व पंखाच्या हलत्या पडद्यांवर रंगाचा जादा थर बसला, तर त्यांचा तोल बिघडून उड्डाणात ते थरथरू शकतात. म्हणून रंगानंतर त्यांचा तोल पुन्हा तपासावा लागतो. आणि २ ऑक्टोबर १९९६ ची घटना तर याहून साधी व याहून दारुण आहे. पेरू देशातील लिमा येथे एरोपेरू कंपनीचे बोइंग ७५७ विमान धुऊन पुसताना हवेचा दाब मोजणाऱ्या छिद्रांवर चिकटपट्टी लावली होती. काम झाल्यावर ती काढावयाची राहून गेली. रात्रीच्या अंधारात वैमानिकांना उंची व वेग यांचे खोटे आकडे दिसत राहिले, आणि विमान समुद्रात कोसळून ७० माणसे मृत्युमुखी पडली. धुणे, पुसणे, रंगविणे ही कामे हलकी समजली जातात. त्यांतील चूक मात्र हलकी नसते.

जुना प्रश्न, नवी द्रव्ये

अस्तरात गंज रोखण्यासाठी दीर्घकाळ क्रोमेट वापरीत आले आहेत. ओरखडा पडला, तरी क्रोमेट पाण्यात थोडे विरघळून त्या जागी पोहोचते व धातूवर नवे संरक्षक पटल धरते. जणू जखमेवर आपोआप खपली येते. परंतु हे द्रव्य श्वासावाटे शरीरात गेल्यास कर्करोगाला कारण होते. रंग फवारणारा आणि जुना रंग घासून काढणारा कामगार यांना त्याचा धोका असतो. म्हणून युरोपात त्याच्या वापरावर कडक निर्बंध आले आहेत, आणि तितकेच गुणकारी, पण निर्विष अस्तर शोधण्याचे काम अनेक देशांत चालू आहे.

तंतुयुक्त प्लॅस्टिकच्या अंगाला गंज चढत नाही, म्हणून त्याला रंग नको असेही नाही. अतिनील किरण त्यातील राळेलाही बाधतात. वीज पडल्यास ती वाहून नेण्यासाठी रंगाखाली तांब्याची बारीक जाळी बसविलेली असते, आणि रंग गेला की ती उघडी पडते. २०२१ साली कतार एअरवेज व एअरबस यांच्यात याच कारणावरून मोठा वाद झाला. कतारच्या नियामकाने काही ए३५० विमाने जमिनीवर ठेविली. युरोपच्या नियामकाला त्यात उड्डाणयोग्यतेचा धोका दिसला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये उभयतांत तडजोड झाली. एकच भेगाळलेला रंग पाहून दोन जाणत्या संस्थांनी निराळे निष्कर्ष काढावेत, यावरून पृष्ठ वाचण्याची विद्या अजून पुरी झालेली नाही, हे दिसून येते.

भारतात या विद्येची गरज वाढतच जाणार. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला ते दिल्ली या मार्गावर उडान योजनेतील पहिले विमान उडाले. १२ एप्रिल २०२२ रोजी कानपूर येथे बांधलेले डॉर्निअर विमान डिब्रुगड ते पासीघाट या मार्गावर प्रवाशांना घेऊन गेले. आपल्या देशात धातूच्या गंजाचा अभ्यासही जुना आहे. तमिळनाडूतील कारैकुडी येथे १९५३ साली सुरू झालेल्या केंद्रीय विद्युत्-रासायनिक संशोधन संस्थेचे एक केंद्र मंडपम येथे समुद्रकाठी आहे. तेथे धातूंचे व लेपांचे नमुने खाऱ्या वाऱ्यात उघडे मांडून ठेवतात, आणि ते कसकसे झिजतात याची नोंद करतात. प्रयोगशाळेत मिठाच्या फवाऱ्याने काही दिवसांत गंज आणता येतो. पण ऊन, वारा, पाऊस आणि मीठ यांचा एकत्रित परिणाम पाहावयास समुद्राकाठी वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

आता पुन्हा त्या लहान विमानतळावरील प्रवाशाकडे वळावे. विटलेला पट्टा, काळी रबरी कड, नाकाडावरील टवके, रंगाचे ठिगळ, हे पाहून त्याने भयभीत होण्याचे कारण नाही. हे विमान राबते आहे, इतकेच ते सांगतात. परंतु पत्र्यावर भेग दिसली, रिव्हेट निखळलेले दिसले, अगर एखाद्या भोकावर चिकटपट्टी राहिलेली दिसली, तर दारातील कर्मचाऱ्याला तेवढे सांगावे. बहुतेक वेळा कर्मचारी हसून सांगेल की, ते तसेच असते. त्यात कोणाचे काही जात नाही. हवाई बेटावरील त्या प्रवासी स्त्रीने पाहिलेली भेग मात्र तशीच नव्हती, आणि ती सांगावयास अर्धे मिनिटही लागले नसते.